लोहरज आणि कारखान्यांचे सांडपाणी

बेल्जियममधील अँटवर्प शहराला पाणी पुरविण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका इंग्रज कंपनीकडे आले, तेव्हा नेटे नदीचे जे पाणी तिला उपलब्ध होते ते कुजलेल्या वनस्पतींच्या अंशांनी पिवळट झालेले असून केवळ वाळूच्या थरातून गाळल्याने निवळण्यासारखे नव्हते. सबब १८८१ च्या सुमारास कंपनीने आपल्या गाळणहौदांत बिशॉफ नावाच्या रसायनज्ञाने पुरस्कारलेल्या सच्छिद्र लोखंडाचा थर घातला. पाणी निवळले, त्याचा रंगही उतरला. परंतु काही काळाने लोखंडाच्या कणांवर गंजाचे पुट चढून ते परस्परांना इतके घट्ट चिकटले की, त्या थराचे एकसंध कवच बनले आणि पाणी त्यातून झिरपेनासे झाले. तेव्हा विल्यम अँडरसन या अभियंत्याने लोखंडाचे तुकडे एका आडव्या, संथपणे फिरणाऱ्या प्रचंड पिंपात घालून, पिंप फिरत असता ते सतत वर उचलले जातील आणि वाहत्या पाण्यातून पुन्हा खाली पडत राहतील, अशी योजना केली. तुकडे एकमेकांवर घासले जाऊन त्यांचा गंज आपोआप झडू लागला, पाण्याचा लोखंडाशी थोड्या मिनिटांचा संपर्क पुरेसा ठरला, आणि मग पाण्यात हवा खेळवून व ते वाळूतून गाळून तो झडलेला गंज वेगळा काढणे तेवढे बाकी राहिले.

लोखंडाने पाणी शुद्ध करण्याच्या विद्येतील मूळ प्रश्न या जुन्या हकीकतीत येऊन गेले आहेत: पाण्याचा लोखंडाशी भरपूर संपर्क कसा घडवावा, लोखंडावर चढणाऱ्या पुटाचे काय करावे, आणि शेवटी उरणाऱ्या गाळाची विल्हेवाट कशी लावावी. आज प्रयोगशाळांतून, आणि क्वचित कारखान्यांतूनही, ज्या लोहरजाचा, म्हणजे मीटरच्या अब्जांशांत ज्यांचा व्यास मोजावा लागतो अशा लोखंडाच्या कणांचा, सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी उपयोग होऊ लागला आहे, त्या लोहरजाने यांतील पहिला प्रश्न जवळजवळ निकालात काढला आहे, दुसरा अधिक बिकट केला आहे, आणि तिसरा होता तेथेच ठेवला आहे. या विषयावर जे कौतुकाने लिहिले जाते त्यात पहिल्याचाच गौरव असतो. वस्तुतः कारखानदाराला आणि नदीकाठी राहणाऱ्या माणसाला तिसऱ्याशीच अधिक कर्तव्य आहे, हे माझे मत वाचकाने पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवावे.

लोखंड गंजते ही गोष्ट आपण नेहमी खर्चाच्या बाजूला मांडतो, आणि पूल, रूळ, जहाजे व नळ यांच्या रंगरंगोटीवर जो पैसा सालोसाल खर्ची पडतो तो पाहता ते साहजिकही आहे. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने गंजणे म्हणजे लोखंडाच्या अणूने आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणत्या तरी पदार्थाला देऊन टाकणे होय. आणि हा घेणारा पदार्थ नेहमी हवेतील ऑक्सिजनच असला पाहिजे असा काही नियम नाही. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला असता त्यावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि द्रावणाचा निळा रंग ओसरून त्याला हिरवट छटा येते, हा प्रयोग ज्याने शाळेत पाहिला असेल त्याने प्रस्तुत तंत्राचे सारे रहस्य एकदा डोळ्यांनी पाहिलेलेच आहे. तेथे लोखंडाचे इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांनी घेतले. लोखंड विरघळून पाण्यात गेले आणि पाण्यातील तांबे धातुरूप होऊन बाहेर आले. विद्युत्-रसायनाच्या कोष्टकात लोखंडाचा प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट आणि तांब्याचा अधिक ०.३४ व्होल्ट दिलेला असतो. या दोहोंतील पाऊण व्होल्टहून थोडी अधिक असलेली तफावत हीच त्या देवघेवीमागील प्रेरणा होय. चांदी, पारा आणि सोने यांच्या बाबतीत ही तफावत आणखी मोठी असल्यामुळे ते धातू लोखंडाच्या सान्निध्यात पाण्यातून तत्परतेने बाहेर पडतात. शिसे व निकेल यांच्या बाबतीत ती लहान आहे, म्हणून ते काही अंशी धातुरूप होतात आणि काही अंशी लोखंडाच्या पृष्ठावरील गंजाला नुसते चिकटून राहतात. जस्ताचा विभव तर लोखंडाहूनही खाली, उणे ०.७६ व्होल्ट असल्यामुळे लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देऊच शकत नाही, आणि त्याला पाण्याबाहेर काढण्याचे काम सर्वस्वी त्या गंजावर, म्हणजे अधिशोषणावर आणि अवक्षेपणावर, येऊन पडते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. लोहरजाचा प्रत्येक कण दुहेरी बांधणीचा असतो: आत निर्भेळ धातूचा गाभा आणि बाहेर लोखंडाच्या ऑक्साइडांचे पातळ कवच. गाभा इलेक्ट्रॉन पुरवितो, कवच धरून ठेवते. आणि कोणत्या विषावर कोणाची मात्रा चालेल हे त्या विषाच्या रासायनिक स्वभावावर अवलंबून राहते. आर्सेनिकाचे उदाहरण घेतले तर त्याचे मुख्य बंधन कवचाशी घडते, आणि गाभ्यातून येणारे इलेक्ट्रॉन कवचात अडकलेल्या आर्सेनिकाचे काही अंशी पुढे क्षपणही करतात. एकाच कणात ही दोन्ही कामे होतात म्हणूनच अनेक धातूंच्या मिश्र सांडपाण्यावर तो उपयोगी पडतो. नुसत्या तुरटीने किंवा नुसत्या चुन्याने हे साधत नाही.

आता कण इतका बारीक करण्याचे प्रयोजन काय, ते साध्या अंकगणिताने पाहू. एक सेंटिमीटर बाजूचा लोखंडाचा घन घेतला तर त्याचे वजन पावणेआठ ग्रॅमांहून किंचित अधिक आणि त्याचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे पन्नास नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले, तर त्यांची संख्या आठ हजार लक्ष कोटी होईल, आणि वजनात गुंजभरही वाढ न होता त्यांचे एकूण पृष्ठफळ एकशे वीस चौरस मीटर, म्हणजे तीन खोल्यांच्या ऐसपैस बिऱ्हाडाच्या जमिनीइतके, होईल. पाण्याशी होणारी सारी देवघेव पृष्ठावरच होत असल्यामुळे पृष्ठ वाढले की वेग वाढतो. लोखंडाच्या ढोबळ किसाला ज्या कामासाठी दिवस लागतात ते लोहरज मिनिटांत किंवा तासाभरात उरकते, याचे मुख्य कारण हेच आहे. अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाच्या वेई-शियान झांग आणि त्यांचे सहकारी चुआन-बाओ वांग यांनी १९९७ साली जे लोहकण तयार केले, त्यांचे पृष्ठफळ दर ग्रॅमला साडेतेहतीस चौरस मीटरांच्या आसपास भरले, आणि बाजारात मिळणाऱ्या बारीक लोखंडी भुकटीचे एक चौरस मीटरही भरले नाही.

परंतु जितके बारीक तितके बरे, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. कवचाची जाडी कणाच्या आकाराबरोबर फारशी बदलत नाही. ती साधारण तीन नॅनोमीटर धरली तर शंभर नॅनोमीटर व्यासाच्या कणात गाभ्याचा वाटा शेकडा त्र्याऐंशी राहतो, पन्नास नॅनोमीटरच्या कणात तो शेकडा अडुसष्टांवर येतो, आणि दहा नॅनोमीटरच्या कणात तर शेकडा सहांच्या आसपासच उरतो, म्हणजे असा कण पाण्यात पडण्यापूर्वीच बव्हंशी गंजून गेलेला असतो. सूक्ष्मतेला ही जी मर्यादा निसर्गाने घालून दिली आहे, तिचा विसर पुष्कळ उत्साही लेखकांना पडतो.

प्रयोगशाळेत हे कण तयार करण्याची प्रचलित रीत दिसायला सोपी आहे. फेरिक क्लोराइडाच्या पिवळ्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडीत जावे आणि ढवळीत राहावे. प्रत्येक थेंबाबरोबर हायड्रोजनाचे बुडबुडे फसफसून वर येतात आणि पिवळे द्रावण बघता बघता शाईसारखे काळे होते. ढवळणे थांबविताच काळा गाळ तळाशी बसू लागतो, आणि पात्राला बाहेरून लोहचुंबक लावला तर तो सगळा त्या बाजूला धाव घेतो. तो अल्कोहोलने धुवून नायट्रोजनाच्या वातावरणात सुकवावा लागतो. उघड्या हवेत सुकविण्याची घाई केली तर भुकटी धुमसू लागते, प्रसंगी पेटही घेते. बोरोहायड्राइड हे महाग रसायन असून त्यापासून निघणारा हायड्रोजन मोठ्या प्रमाणावरील कामात धोक्याचा ठरतो. म्हणून औद्योगिक उत्पादनासाठी लोखंडाच्या ऑक्साइडांची भुकटी तप्त हायड्रोजनाच्या प्रवाहात क्षपित करण्याची, अथवा लोखंड पोलादी गोळ्यांच्या चक्कीत दळण्याची, रीत अनुसरली जाते. २००९ साली काही संशोधकांनी बोरोहायड्राइडाच्या ऐवजी हिरव्या चहाच्या अर्कातील पॉलिफिनॉलांनी हे काम करून दाखविले, आणि त्यानंतर नीलगिरीपासून डाळिंबाच्या सालीपर्यंत नाना वनस्पतींचे अर्क वापरून पाहण्याची एक लाटच आली. आपल्याकडील महाविद्यालयांतूनही असे प्रयोग पुष्कळ होतात. ते स्वागतार्ह आहेत. तथापि अशा रीतीने मिळालेल्या कणांत निर्भेळ धातू किती आणि लोखंड व पॉलिफिनॉल यांचे संयुग किती, याची शहानिशा केल्यावाचून त्यांना धातुरूप लोहरज म्हणणे उचित होणार नाही.

या तंत्राचा उगम मात्र सांडपाण्यात नसून भूजलात आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९८० च्या दशकात एक विद्यार्थी, भूजलाचे नमुने घेण्यासाठी जी नळ्या-नळकांडी वापरतात त्यांच्या पदार्थांचा पाण्यातील क्लोरीनयुक्त द्रावकांवर काय परिणाम होतो, हे तपासत होता. धातूंच्या संपर्कात राहिलेल्या पाण्यातून ती द्रावके नाहीशी होत असल्याचे त्याला आढळले. नमुन्यातील ही चूक कशी टाळावी, एवढाच मूळ प्रश्न होता. पण त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक रॉबर्ट गिलहॅम यांना पुढे असे दिसून आले की, जी चूक म्हणून टाळावयाची तीच उपाय म्हणून योजता येईल. १९९१ साली ऑन्टॅरिओ प्रांतातील बॉर्डन येथील लष्करी तळावर लोखंडाचा कीस आणि वाळू यांची एक भिंत जमिनीखाली, दूषित भूजलाच्या वाटेत आडवी, बांधण्यात आली, आणि तिच्यातून पार होणाऱ्या पाण्यातील द्रावकांचे प्रमाण बहुतांशी उतरले. अशा भिंती पुढे अमेरिकेत व युरोपात अनेक ठिकाणी झाल्या. लीहायच्या संशोधकांनी त्यापुढचे पाऊल टाकले: जेथे भिंत खणता येत नाही तेथे लोहरज पाण्यात कालवून विहिरीवाटे थेट भूगर्भात सोडावयाचे. २००० साली न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे केवळ १.७ किलो लोहरज असे सोडून पाहण्यात आले आणि ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाचे प्रमाण काही ठिकाणी शेकडा शहाण्णवपर्यंत घटल्याचे दिसून आले.

यश उत्साहवर्धक होते. परंतु जे जमिनीत सोडले ते परत हाती येत नाही, हा त्यातील दोष विचारवंतांच्या नजरेतून सुटला नाही. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या संस्थांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालात, पुरेसे संशोधन होऊन लाभ हानीहून अधिक असल्याचे सिद्ध होईपर्यंत सुटे कृत्रिम अब्जांशकण पर्यावरणात सोडण्यास मनाई असावी, अशी शिफारस केली होती. ती अवाजवी नव्हती, हे नंतरच्या संशोधनाने पटविले. ऑक्सिजनविरहित पाण्यात लोहरज काही जातींच्या जीवाणूंना त्वरेने मारते, असे २००८ साली दिसून आले. माझ्या मते सांडपाण्याच्या हौदाची श्रेष्ठता नेमकी येथेच आहे. हौदाला भिंती असतात, तळ असतो, तोंडाशी येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे मोजमाप करता येते, आणि टाकलेल्या प्रत्येक किलो लोखंडाचा जाब विचारता येतो. भूगर्भात ही सोय नाही. म्हणूनच लोहरजाचे खरे कार्यक्षेत्र कारखान्याच्या आवारात आहे, असे मी मानतो.

झांग यांनीही पुढे आपले लक्ष तिकडेच वळविले. शांघायच्या टोंगजी विद्यापीठात त्यांच्या गटाने ताम्रभट्टीतून निघणाऱ्या आर्सेनिकयुक्त सांडपाण्यावर आणि विद्युत्-मंडलांचे फलक बनविणाऱ्या एका कारखान्याच्या पाण्यावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन प्रयोग केले. त्यांपैकी दुसऱ्याची हकीकत २०१४ साली प्रसिद्ध झाली असून ती तपशिलाने पाहण्याजोगी आहे. सोळाशे लिटरच्या मापाचा एक संच. त्यात ढवळणीचा हौद, त्यापुढे गाळ बसण्याची टाकी, आणि तळाशी बसलेले लोखंड पुन्हा पहिल्या हौदात आणून सोडणारी नळी. दर लिटरला सुमारे ७० मिलिग्रॅम तांबे असलेले अडीच लाख लिटर पाणी त्यातून गेले, सुमारे ५५ किलो लोहरज खर्ची पडले, आणि शेकडा ९६ हून अधिक तांबे बाहेर निघाले. लोखंडाची मात्रा केव्हा वाढवावी याचा निर्णय पाण्यात बुडविलेल्या विद्युदग्राच्या वाचनावरून घेता येई. हौदात सक्रिय लोखंड शिल्लक असेतो पाण्याचा क्षपणविभव खाली राहतो, आणि ते संपत आले की आकडा वर चढू लागतो. प्रत्येक वेळी नमुना बाटलीत भरून तपासणीस पाठवावयाचा आणि निकालाची वाट पाहत बसावयाचे, ही दगदग त्यामुळे वाचली.

आता या आकड्यांचा जमाखर्च मांडून पाहू. पाण्यात एकूण साडेसतरा किलो तांबे होते; त्यातून निघालेल्या जवळजवळ सतरा किलोंसाठी, प्रत्येक तांब्याच्या अणूमागे लोखंडाचा एक अणू या हिशेबाने, पंधरा किलो लोखंड पुरावयास हवे होते. लागले पंचावन्न. मधल्या चाळीस किलोंचा तपास लावला तर त्यांतील काही भाग आरंभापासूनच कवचाच्या रूपात गंजलेला होता, काहींचे इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाने घेतले, काहींचे खुद्द पाण्याने घेऊन हायड्रोजन सोडला, आणि काही कण पुट चढून निष्क्रिय झाले, असेच म्हणावे लागते. लोखंड हे उदार असले तरी पात्रापात्र विवेक त्याला नाही; पाण्यात जो कोणी घेणारा असेल त्याला ते देत सुटते. म्हणून सांडपाण्यात हवा कमीत कमी मिसळेल अशी तजवीज करणे, कण परस्परांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांवर स्टार्च किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांसारख्या पदार्थाचे लेपन करणे, आणि गाळ फिरवून पुन्हा वापरणे, ही सारी खटपट त्या चाळीस किलोंतील शक्य तेवढे वाचविण्यासाठी आहे. कणांचे एकत्र येणे तर त्यांच्या चुंबकीय स्वभावातच असल्यामुळे ते पूर्णपणे टळत नाही. मात्र हाच स्वभाव पुढे गाळ वेगळा करताना उपकारकही होतो.

महाराष्ट्रातील वाचकाला या तंत्राचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे कोठे जाणवेल, असे मला विचाराल तर मी मुलामा चढविणाऱ्या लहान कारखान्यांकडे बोट दाखवीन. भोसरी किंवा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे व यंत्रांचे सुटे भाग निकेल आणि क्रोमियम यांनी मढविले जातात, आणि ते धुतल्यावर जे पिवळे पाणी निघते त्यातील सहा-संयुजी क्रोमियम हे कर्करोगास कारण होणारे विष आहे. पृष्ठजलात सोडावयाच्या सांडपाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असा कायद्याचा दंडक आहे. असे पिवळे पाणी काचेच्या पात्रात घेऊन त्यात चिमूटभर लोहरज टाकून हलविले तर पिवळेपणा थोड्या मिनिटांत विरतो. आरंभी काळे दिसणारे कण हळूहळू मळकट हिरवे व पुढे तांबूस होतात, आणि सामू थोडा वर सरकतो. क्रोमियम त्रि-संयुजी होऊन लोखंडाच्या हायड्रॉक्साइडाबरोबर एकाच अवक्षेपात बद्ध झालेले असते, आणि या रूपात ते पुष्कळच कमी घातक व पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असते.

तथापि हेच काम गेली कित्येक दशके दुसऱ्या रीतीने चालत आलेले आहे, हेही नमूद केले पाहिजे. पाण्यात आम्ल घालून त्याचा सामू अडीच-तीनवर आणावयाचा, सोडियम मेटाबायसल्फाइटाने क्रोमियमचे क्षपण करावयाचे, आणि मग चुना टाकून ते खाली बसवावयाचे, ही जुनी पद्धत स्वस्त आणि कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. नवलाईसाठी ती मोडीत काढावी, असे मी म्हणणार नाही. लोहरजाची गरज जेथे जुनी पद्धत थकते तेथे आहे. मुलाम्याच्या टाक्यांतून तांबे व निकेल हे सेंद्रिय द्रव्यांनी वेढलेल्या अवस्थेत आले की चुना त्यांना खाली बसवू शकत नाही. आर्सेनिक, क्रोमियम, तांबे असे अनेक पदार्थ एकत्र आले की प्रत्येकाला निराळा सामू मानवतो. आणि मुख्य प्रक्रिया झाल्यानंतर जो अखेरचा अंश राहतो तो कायद्याच्या मर्यादेखाली नेताना चुन्याचा खर्च व गाळ दोन्ही बेसुमार वाढतात. अशा ठिकाणी, जुन्या प्रक्रियेच्या जोडीला, लोहरजाची नेमणूक करणे शहाणपणाचे ठरेल.

रंगाच्या पाण्याविषयी मात्र सावधगिरीची सूचना दिल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण इचलकरंजी, सोलापूर यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावांतून याच विषयावर सर्वांत अधिक आशा बांधली जाते. ॲझो जातीच्या रंगांत नायट्रोजनाच्या दोन अणूंमधील जो दुहेरी बंध रंगाला कारण असतो तो लोहरजाने सहज तुटतो, आणि गडद लाल पाणी पाहता पाहता स्वच्छ दिसू लागते. परंतु रंगाचा रेणू तेथे नष्ट होत नाही, तो दुभंगतो. आणि त्याचे जे दोन तुकडे उरतात ते ॲनिलीन व तत्सदृश अमाइन असतात, ज्यांतील काही मूळ रंगाहूनही अधिक विषारी असू शकतात. डोळ्यांना निर्मळ दिसणारे असे पाणी लगेच ओढ्यात सोडणे हा गावाचा घात होय. त्यानंतर त्यावर जीवाणूंची, हवा खेळविलेली प्रक्रिया झालीच पाहिजे; दुभंगलेले तुकडे जीवाणूंना मूळ रेणूपेक्षा सुलभतेने पचतात, आणि लोहरजाने येथे केलेले खरे काम ते पचन सुकर करण्याचेच आहे. नायट्रेटाच्या बाबतीतही असेच घडते. लोहरज त्याचे क्षपण करते खरे, पण त्यातून निरुपद्रवी नायट्रोजन वायू थोडा आणि अमोनिया फार निघतो. म्हणजे एक दूषण गेले व दुसरे आले. प्रयोगाच्या अहवालात केवळ नायट्रेट किती घटले एवढेच लिहिलेले असेल तर वाचकाने अमोनियाचा आकडा मागून घ्यावा.

लोखंडाच्या या कुळातील दुसरी एक शाखा पिण्याच्या पाण्याकडे वळली आहे. तिच्यात धातुरूप गाभा नसतो, केवळ ऑक्साइड असते. राइस विद्यापीठातील व्हिकी कॉल्व्हिन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की, बारा नॅनोमीटरांच्या आसपासचे मॅग्नेटाइटचे कण आर्सेनिक धरतात आणि अगदी साध्या शक्तीच्या चुंबकानेही पाण्यातून वेगळे ओढून घेता येतात. मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक टी. प्रदीप यांनी लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडाचे अब्जांशकण कायटोसान या जैव बहुवारिकाच्या जाळीत बसवून ते पाण्यात सुटे होऊ नयेत अशी व्यवस्था केली, आणि पश्चिम बंगालच्या आर्सेनिकपीडित भागात ते वापरले गेले. आणि ज्यांना सूक्ष्मतेशिवाय इलाज नाही असे वाटते त्यांनी बांगलादेशातील अबुल हुसाम यांच्या सोनो गाळणीकडेही पाहावे: बिडाच्या लोखंडाचा प्रक्रिया केलेला ढोबळ कीस, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे, दोन बादल्यांत रचलेले, २००७ साली दहा लक्ष डॉलरांचे ग्रेंजर पारितोषिक या साध्या साधनाला मिळाले. घरातील गाळणीला घाई नसते, पाणी रात्रभर ठिबकत राहिले तरी चालते. म्हणून तेथे ढोबळ लोखंड पुरते. कारखान्याच्या हौदातून तासाला हजारो लिटर पाणी जावयाचे असते, आणि वेगाची ही गरज असते तेथेच सूक्ष्मतेची किंमत मोजणे परवडते.

राहता राहिला गाळाचा प्रश्न. लोहरजाने पाण्यातील विष नाहीसे होते ही समजूत धातूंच्या बाबतीत सर्वथा चुकीची आहे. धातूचा अणू कोणत्याही रासायनिक क्रियेने नष्ट होत नाही, तो फक्त जागा बदलतो. पाण्यात लाखो लिटरमध्ये पसरलेले क्रोमियम किंवा आर्सेनिक काही किलो गाळात एकवटले, एवढीच आपली कमाई, आणि ती लहान नाही; परंतु तो गाळ पावसात उघड्यावर टाकला, किंवा आम्लधर्मी कचऱ्यात मिसळला, तर कमावलेले सारे पुन्हा पाण्यात जाण्यास वेळ लागणार नाही. आर्सेनिकाचे तर असे आहे की, गाळ ऑक्सिजनविरहित चिखलात दीर्घकाळ पडून राहिला की तेथील जीवाणू लोखंडाच्या गंजाचेच क्षपण करून त्याला विरघळवितात आणि त्याने धरून ठेवलेले आर्सेनिक मोकळे होते. म्हणून असा गाळ धोकादायक कचऱ्यासाठी बांधलेल्या भूभरणातच गेला पाहिजे. आपल्या राज्यात तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे त्याची सोय आहे. तेथवरच्या वाहतुकीचा व भरणाचा खर्च लोहरजाच्या किमतीत मिळविल्याशिवाय या तंत्राचा कोणताही हिशेब पुरा होत नाही, आणि प्रयोगशाळांच्या बहुतेक निबंधांतून हाच आकडा गाळलेला असतो.

तांब्याच्या गाळाची गोष्ट निराळी आहे. वर सांगितलेल्या फलकांच्या कारखान्यासारख्या ठिकाणी जो गाळ निघतो त्यात तांब्याचे प्रमाण इतके असते की त्याला टाकाऊ म्हणण्यापेक्षा कच्चा माल म्हणणेच यथार्थ होईल. सोन्याचांदीच्या मुलाम्याच्या पाण्याविषयी तर बोलावयासच नको. अशा गाळाला भट्टीवाल्याकडे किंमत येते, आणि त्या किमतीतून लोखंडाचा काही खर्च भरून निघू शकतो. पण हे तेव्हाच शक्य होते जेव्हा तांब्याचे पाणी, क्रोमियमचे पाणी आणि आर्सेनिकाचे पाणी उगमापाशीच निराळे ठेवलेले असते. आपल्याकडील अनेक वसाहतींत सगळ्यांचे पाणी एकाच गटारातून सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे नेण्याचा परिपाठ आहे, आणि तेथे पोहोचेपर्यंत विकण्याजोगे तांबे पुरण्याजोग्या विषात कालवले गेलेले असते. लोहरजाचा हौद बसवावयाचा असेल तर तो त्या केंद्रावर नव्हे, प्रत्येक कारखान्याच्या, किंबहुना प्रत्येक धुण्याच्या टाकीच्या, तोंडाशी बसवावा. आणि त्यासाठी प्रथम नळ निराळे करावे लागतील, हे काम रसायनज्ञाचे नसून नळकाम करणाऱ्याचे आणि ते करवून घेणाऱ्या मालकाचे आहे.